लाजेच्या पुढचं नाव

तो तक्ता भिंतीवरून काढायला काय लागतं? चार टाचण्या उपटायच्या, गुंडाळी करायची, कपाटामागे सरकवून द्यायची. दोन मिनिटांचं काम. पण चारुता मॅडमच्या हातून ते नऊ दिवस झालं नाही. रोज सकाळी वर्गात शिरताना त्या ठरवायच्या, आज काढूनच टाकू. आणि रोज वाटायचं, काढला तर पोरं विचारतील, मॅडम, काऊन काढला? त्याचं उत्तर द्यायची या बाईची छाती नव्हती.

तक्त्यावर मनातल्या गोष्टींचे शब्द होते. डावीकडे शब्द, उजवीकडे त्या शब्दाचा खरा प्रसंग सांगणाऱ्या पोराचं नाव. आनंद, भीती, हेवा, धास्ती. आणि पाचव्या ओळीत, मॅडमच्या स्वतःच्या सुबक अक्षरात, लाल स्केचपेननं लिहिलेलं: लाज – सुरभी.

आता ही चारुता मॅडम कोण, ते आधी सांगायला हवं. माहेर पिपरी मेघेचं. वडील अण्णाजी सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, आणि घरात भाषेची भारी शिस्त. पोरीच्या तोंडून चुकून 'मले' निघालं, की अण्णाजी चष्म्यावरून नुसते बघायचे. तेवढं पुरे व्हायचं. लग्न होऊन ती हिंगणघाटला आली. नवरा निशांत तहसीलमध्ये बाबू. तिची शाळा जाम गावाच्या पुढे, हायवे सोडून चार किलोमीटर आत असलेल्या खेड्यात. रोज स्कूटीवर जाणं-येणं. सोळा वर्षांच्या नोकरीत एक दिवस उशीर नाही, एक वही न तपासलेली नाही. अशी बाई. कोणी नाव ठेवावं असं काही नाही, आणि हेच तिला जरा जास्त ठाऊक होतं.

पाचवीच्या वर्गात तिची एकच तक्रार असायची. या पोरांजवळ शब्दच नाहीत हो! आजी वारली, कसं वाटलं? तर, कसंतरी वाटलं. परीक्षेत पेपर कोरा गेला, कसं वाटलं? कसंतरी. मामा दिवाळीला आला नाही, कसंतरी. बरं वाटलं की मस्त, आणि बाकी सगळ्या जगाला एकच शब्द, कसंतरी. मॅडम कपाळाला हात लावायच्या.

आणि मग गेल्या हिवाळ्यात वर्ध्याला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथं वेदश्री नावाची एक तरुण प्रशिक्षक आली होती. ही पोरगी दीड वर्ष बाली बेटावर राहून तिथलं मुखवट्यांचं नृत्यनाट्य शिकून आलेली. तिनं पडद्यावर फिल्म दाखवली. पितळी वाद्यांचा तो ठणठणाट, आणि पांढराफटक मुखवटा घातलेला राजा नुसत्या बोटांनी आणि मानेनं सांगतोय की मला दुःख झालंय. वेदश्री म्हणाली, "पूर्ण मुखवटा घातलेला तिथं बोलत नाही. त्याच्यासोबत अर्धा मुखवटा घातलेला सेवक असतो, त्याचं तोंड मोकळं. राजाचे शब्दही तोच बोलतो, पण ती भाषा जुनी, जड. ती लोकांना कळत नाही. मग हा सेवक राजाच्या मनातलं सगळं गावच्या भाषेत सांगतो, चेष्टा करतो, हसवतो. नाटक खरं तो चालवतो."

चारुता मॅडमनी वहीत भराभर उतरवून घेतलं. बाकीचे शिक्षक चहाच्या वेळेची वाट पाहत होते, ही बाई प्रश्न विचारत होती. तिसऱ्या दिवशी वेदश्रीनं तिलाच पुढं बोलावून मुखवटा घालायला दिला, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

झालं! शाळेत आल्याबरोबर जुने पुठ्ठे, लग्नाच्या पत्रिका, खळ, रंग. पोरांनी एकवीस मुखवटे केले. हळूहळू खेळ असा रंगला की चौथीची पोरं खिडकीला लोंबकळायची. एक पोरगं रागाचा मुखवटा घालून थयथय नाचायचं, आणि अर्धा मुखवटा घातलेला आदेश शेजारी उभा राहून सांगायचा, "महाराज संतप्त झाले हायेत जी! म्हंजे डोस्क्यात आग लागली हाये, जवळ नका जाऊ!" दुसरं कोणी खिन्न होऊन बसलं, की आदेश म्हणायचा, "महाराजाचं कशातच मन लागून नाई राह्यलं. काल्चं वांग्याचं भरीत बी तसंच पडून हाये!" वर्ग हसून लोटपोट. आणि मॅडम, ज्यांनी सोळा वर्षं या पोरांचं 'मले-तुले' लाल शाईनं खोडलं होतं, त्याही खुशाल हसायच्या. बालीमध्ये तसंच असतं म्हटल्यावर चालतं ना! हायवेपलीकडच्या गावचं असतं, तर चाललं नसतं.

शब्द येऊ लागले. एका पोरीनं घरी जाऊन आईला सांगितलं, "मले तुह्या मोबाइलचा हेवा वाटते." हेडसर खूश. केंद्रप्रमुख येऊन बघून गेले आणि म्हणाले, तालुक्याच्या शिक्षणमेळाव्यात हे दाखवा. मॅडमच्या डोक्यात तिथं वारं शिरलं. मेळाव्यात नुसता खेळ काय दाखवायचा, काहीतरी वजनदार हवं. म्हणून त्यांनी तक्ता आणला. प्रत्येक शब्दाला एक खरा प्रसंग. खरा हं, मनानं रचलेला नाही.

आनंद आला, भीती आली. लाजेला मात्र कोणी पुढं येईना. मॅडमनी सगळ्या वर्गावर नजर फिरवली आणि ती सुरभीवर थांबली.

सुरभी पहिल्या बाकावरची नाही, शेवटच्याही नाही. मधली. बाप नाही, आई आनंदाबाई जामच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटायला जाते. घरी म्हातारा आजा पुंडलिकराव, आणि लग्नाची मोठी बहीण. पण पोरीच्या अंगात काय होतं कोण जाणे! मुखवटा चढवला की तिचे खांदे, मान, बोटं, सगळं बोलायला लागायचं. मॅडमना ती मनापासून आवडायची. म्हणूनच तिला उठवलं, हे त्या नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायच्या.

सुरभीनं लाजेचा मुखवटा घेतला. फिकट गुलाबी, खाली झुकलेल्या डोळ्यांचा. तो लावून ती बोलायला लागली, पण पुठ्ठ्याआड आवाज घुमायचा.

"ऐकू येत नाही गं," मॅडम म्हणाल्या. "काढ तो मुखवटा. नीट सांग, मोकळेपणानं."

सुरभी थोडी थांबली. मग काढला तिनं. मॅडमचं ऐकायचं असतं ना.

आणि तिनं सांगितलं. ताईला बघायला पाहुणे आलते. घरी खुर्च्या नाहीत, म्हणून शेजारच्या शकुंतलाकाकूकडून चार लाल खुर्च्या मागून आणल्या. पाहुणे बसले. पोह्यांच्या प्लेटी हातात दिल्या. पोराच्या बापानं पहिला घास घेतला आणि तेवढ्यात शकुंतलाकाकू दारात येऊन उभी. "आनंदाबाई, खुर्च्या लागतेत हो, आमच्याकडे जावाई आले!" पाहुणे उठले. प्लेटी हातातच. काकूनं खुर्च्या एकात एक घातल्या आणि डोक्यावर घेऊन गेली. मग पोराचा बाप सतरंजीवर बसला, आणि त्याचे गुडघे धरलेले, उठताना त्याले उठवेच ना. ताईनं एका बाजूनं आणि पोराच्या आईनं दुसऱ्या बाजूनं, असं धरून त्याले उभं केलं.

हे सांगताना पोरगी काही विनोद करत नव्हती. जसं झालं तसं सांगत होती. पण जुन्या सोंगाड्या पुंडलिकरावाची नात ती. तो दारातला आवाज, तो डोक्यावरच्या खुर्च्यांचा तोल, ते न उठवणारे गुडघे, सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. वर्ग श्वास धरून होता. आणि मागच्या बाकावरून आदेश ओरडला, "मॅडम, त्या आमच्याच खुर्च्या होत्या!" शकुंतलाबाईचाच पोरगा तो.

वर्ग फुटला. आणि चारुता मॅडम हसल्या.

नुसत्या ओठातल्या ओठात नाही. खळखळून. तोंडावर हात जाईपर्यंत आवाज बाहेर पडून गेला होता. मग त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं, "शांत बसा! हसायचं काय त्यात?" म्हणून दटावलं, आणि पाठ फिरवून तक्त्यावर लाल स्केचपेननं लिहिलं: लाज – सुरभी. सुरभी तिथंच उभी होती. ती वर्गाकडे बघत नव्हती. ती मॅडमकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गाव केवढंसं! संध्याकाळपर्यंत गोष्ट घरोघरी. ते स्थळ मोडलं तेव्हा आनंदाबाईनं पत्रिका जुळली नाही असं सांगून झाकून घेतलं होतं. शकुंतलाबाईलाही आपल्या केल्याची लाज वाटली असेल, तीही गप्प राहिली होती. आता ते उघडं पडलं. हातपंपावर पोरं खेळ खेळायला लागली. एकानं बसायचं, दुसऱ्यानं येऊन म्हणायचं, "उठा जी, खुर्च्या लागतेत!" मॅडमनी स्कूटीवरून जाताना ते स्वतः ऐकलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेडसरांनी विचारलं, काय झालं मॅडम? त्या म्हणाल्या, "पोरं हसली हो सर तिला. मी दटावलं लगेच." घरी निशांतला सांगितलं, "पोरं हसली." पाचव्या दिवशी जामच्या चौकात आनंदाबाई भेटली, ढाब्यावर जाण्याच्या घाईत. तिलाही तेच. "पोरंच ती, हसली. तुम्ही मनावर घेऊ नका, सुरभीला पाठवा." आनंदाबाई नुसतं 'हो जी' म्हणून गेली. मॅडम तिथंच स्कूटीचा हँडल धरून उभ्या राहिल्या. तीनदा खोटं बोलून झालं होतं. आणि जिला खरं माहीत होतं, ती दहा वर्षांची पोरगी घरात बसून होती.

लाजेला पाय असते तर ती केव्हाच पळून गेली असती. पण ती बसते घट्ट. पोळी लाटताना बसते, आंघोळ करताना बसते. वह्या तपासता तपासता मॅडमच्या कानात स्वतःचंच हसणं वाजायचं. असं कसं हसलो आपण? सोळा वर्षं पोरांना 'कोणाच्या दुःखाला हसू नये' म्हणून शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा पहिल्या आपणच!

निशांत म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलीस? खुर्च्यांचाच प्रश्न आहे ना? दे चार घेऊन. काम संपलं."

बायकोला ते पटलं. इथंच तर गंमत आहे, शहाण्या माणसाला अशा वेळी नेमकं तेच पटतं. रविवारी हिंगणघाटच्या बाजारातून तिनं चार निळ्या खुर्च्या घेतल्या, भक्कम, हाताच्या. ऑटोच्या टपावर दोरीनं बांधल्या आणि भर दुपारी गावात शिरली. आता जरा विचार करा. ज्या घरची खुर्च्यांवरून गावभर नाचक्की झालेली, त्या घरी ऑटोच्या डोक्यावर उलटे पाय केलेल्या चार खुर्च्या निघाल्या आहेत, आणि मागं पोरांची वरात! ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणालंच, "आल्या बापा, आनंदाबाईच्या खुर्च्या आल्या!" तेव्हा कुठं मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करतोय. पण ऑटो दारात उभा राहिला होता.

आनंदाबाई बाहेर आली. खुर्च्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं.

"हे काय आनलं मॅडम?"

"तुमच्यासाठी... म्हणजे घरात असाव्यात म्हणून..."

"वापस न्या जी."

"अहो पण..."

"आमची लाज वर्गात काहाडली, ते झालं. आता ऑटोवर बांधून गावातून फिरवली. आजून काय राह्यलं?" आवाज चढवला नाही तिनं. उलट डोळे भरून आले होते. मग पाहुणा दारात आला आहे याचं भान येऊन ती बाजूला झाली. "या, बसा. खाली बसा लागन. तुमाले मालूमच हाये."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मॅडमना वाटलं. त्या आत जाऊन सतरंजीवर बसल्या. सुरभी आतल्या दाराशी होती. एकदा पाहिलं आणि आत गेली. बहीण पाण्याचा गडवा ठेवून गेली, तीही थांबली नाही. राहिला खाटेवरचा म्हातारा. पुंडलिकराव. सत्तरी उलटलेली, पण बसणं ताठ. या माणसानं तरुणपणी चाळीस गावं दंडार केली होती. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर जो सोंगांचा खेळ होतो, ती दंडार. राणीपासून राक्षसापर्यंत सगळी सोंगं आणली होती त्यानं.

"मॅडम," म्हातारा म्हणाला, "पोरीनं घरी येऊन सांगतलं मले, तुमी शाळेत सोंगं शिकवता म्हनून. लय खुशी झाली. मीच तिले हात फिरवाचं शिकवलं."

"हो, फार छान करते ती."

"करनच. पन एक इचारू? तुमी तिचं सोंग काऊन उतरवलं?"

मॅडम सतरंजीची दशी ओढत राहिल्या.

"आमच्या दंडारीत एक नेम होता. माह्या गुरूचा. तोंडाले रंग लागला, की त्या मानसाले त्याच्या घरचं इचाराचं नाई. माह्या सोबतचा एक होता, बायको मेली त्याची, आन् आठव्या दिशी त्यानं रडनाऱ्या रानीचं सोंग घेतलं. असा रडला, असा रडला, बायाबापे पानी पानी झाले. खेळ झाल्यावर एकानं इचारलं, काय बापा, बायको आठोली काय? गुरूनं त्या इचारनाऱ्याले काठीनं हानलं. म्हने, तो रानीचं रडला. त्याचं रडनं त्याच्याजवळ हाये, ते त्याले घरी नेऊ दे." म्हाताऱ्यानं आतल्या दाराकडे बोट केलं. "तुमी लेकराले म्हनलं, सोंग उतरव आन् तुह्यं घरचं सांग. आडोसाच काहाडून घेतला तुमी तिचा."

ओरडला असता तर परवडलं असतं. तो समजावून सांगत होता, एका कामातल्या माणसानं दुसऱ्याला सांगावं तसं. चारुता मॅडमच्या मनात आलं, आता सांगून टाकावं, मी पण हसले होते.  आणि तोंडातून काय निघालं? "पोरं हसतील असं मला वाटलं नव्हतं."

आतल्या खोलीत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सुरभी ऐकत होती. मॅडम उठल्या आणि निघाल्या. चारही खुर्च्या तशाच ऑटोवर. त्या त्यांनी शाळेच्या वऱ्हांड्यात उतरवून घेतल्या.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शिबिराची वही काढली. वेदश्रीनं या नेमाबद्दल काही सांगितलं होतं का, ते बघायला. मनात कुठंतरी आशा, की सांगितलं नसेल. मग चूक आपली एकटीची राहणार नाही. पण सोळावं पान निघालं. 'बालीचा नट मुखवटा हातात धरून आधी त्याच्याकडे बघत बसतो. खेळ झाला की तो कापडात गुंडाळून टोपलीत ठेवतो. मुखवट्यामागच्या माणसाला त्याचं स्वतःचं विचारायचं नाही.' शेवटच्या ओळीपुढं चांदणी काढलेली. महत्त्वाचं, म्हणून. अक्षर त्यांचंच, सुबक, कानामात्र्याची चूक नसलेलं.

एवढं सांगितलं, लिहून घेतलं, चांदणी काढली, आणि केलं काय तर उलटं. मेळाव्यात टाळ्या पडाव्यात म्हणून.  निशांतनं चहा आणून ठेवला. त्या त्याला म्हणाल्या, "मी तुझ्याशी खोटं बोलले. मी पण हसले होते. सगळ्यात जोरात." 

सोमवारी सकाळी शाळेच्या आधी त्या सुरभीच्या घरी गेल्या. या वेळी पायी, रिकाम्या हातानं. आनंदाबाई ढाब्यावर निघायच्या तयारीत होती.

"सुरभीला आज एकच तास पाठवा," मॅडम म्हणाल्या. "तिनं काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. मला बोलायचंय, आणि ते तिच्यासमोर बोलायचंय. नंतर तिला वाटलं तर ती घरी येईल. मी अडवणार नाही."

आनंदाबाईनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "जाऊ दे. मी जातो संगं."

वर्ग भरला. सुरभी दाराशेजारच्या बाकावर, निसटता येईल अशा जागी. पुंडलिकराव वऱ्हांड्यात, त्या निळ्या खुर्च्यांपैकी एकीवर. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसावं, किंवा असेलही. मॅडमनी लाजेचा मुखवटा हातात घेतला. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि चढवला.  मॅडम आणि मुखवटा! असं कधी झालं नव्हतं.

"एक मास्तरीण होती," पुठ्ठ्याआडून आवाज आला. "लय शहाणी. तिला वाटायचं, शब्द आपल्यालाच येतात. तिनं एका लेकराला उभं केलं आणि सांगितलं, तुझी लाज दाखव. लेकरानं दाखवली. जी कोणाला दाखवली नव्हती, ती दाखवली. मास्तरणीचा भरवसा धरून. आणि मास्तरीण..." मुखवटा एकदा सुरभीकडे वळला. "मास्तरीण हसली. मग तिनं सगळ्यांना सांगितलं, मी नाही, पोरं हसली. हेडसरांना सांगितलं. लेकराच्या आईला सांगितलं. आजोबांना सांगितलं. पोरांवर ढकललं सगळं."

 मग मागच्या बाकावरून आदेशनं दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे कोनाचं हाये?"

नेम मोडला होता बिचाऱ्यानं. मुखवट्यामागच्या माणसाला विचारलं होतं. मॅडमना 'नाटकातलं आहे' म्हणता आलं असतं. नेम त्यांच्या बाजूनं होता. पण आडोसा लेकरासाठी असतो. ज्यानं लेकराचा काढून घेतला त्यानं त्यामागं लपायचं नसतं, एवढं त्यांना आता कळलं होतं. त्यांनी मुखवटा काढला. चेहरा घामानं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं ओला, कपाळाला गुलाबी रंग लागलेला.

"माह्यं हाये," त्या म्हणाल्या. अण्णाजींच्या घरात वाढलेल्या बाईच्या तोंडून ते कसं निघालं, त्यांनाही कळलं नाही. "मी हासली होती. सुरभी, माफ कर मले."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मोठ्या माणसानं माफी मागितली की पोरांना काय करावं कळत नाही. सुरभी उठली. पळून जाईल असं वाटलं, पण ती टेबलापाशी आली.

"मी पाह्यलं होतं तुमाले," ती म्हणाली. "पोरं तं हासतेतच. मले वाटलं होतं, तुमी नाई हासनार."

"हो."

"तुमी हासल्या म्हनून कसं..." ती 'कसंतरी' म्हणणार होती. थांबली. शब्द शोधला. "अपमान वाटला मले."

मॅडमनी मान हलवली.  सुरभीनं टेबलावरचं लाल स्केचपेन घेतलं, तक्त्यापाशी गेली, टाचा उंच केल्या. पाचव्या ओळीतल्या आपल्या नावावर काट मारली. एकदा, मग पुन्हा दोनदा, कागद फाटेल अशी. आणि पुढं जागा उरली होती तिथं लिहिलं: चारुता मॅडम. मग आपल्या बाकावर जाऊन बसली. घरी गेली नाही.

वऱ्हांड्यातून म्हातारा खाकरला.

मेळाव्याला वर्ग गेला नाही. केंद्रप्रमुख कारण विचारायला आले, तेव्हा तक्ता भिंतीवरच होता. त्यांनी पाचवी ओळ वाचली आणि हसत म्हणाले, "हे काय मॅडम, पोरांनी तुमची मस्करी केली काय?" मॅडम म्हणाल्या, "नाही सर. बरोबर लिहिलंय." कान तापले, मान खाली गेली, पण तक्ता काढला नाही. आजही तो दिसला की त्यांच्या कानात ते हसणं वाजतं. ते काही जात नाही, आणि जावं असंही त्यांना वाटत नाही.

एकच सांगायचं राहिलं. महिन्याभरानं एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर सुरभी मागं थांबली. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

"मॅडम, आईनं इचारलं. रविवारले ताईले पाहाले पाहुने येऊन राह्यले. त्या वऱ्हांड्यातल्या खुर्च्या भेटतीन काय? सांजच्याले वापस आनून देऊ."

"भेटतीन," मॅडम म्हणाल्या. "मुख्य दाराची चावी आजोबांकडे देऊन ठेवते. तुमच्या तुम्ही न्या, तुमच्या तुम्ही आणा."

सुरभी दारापर्यंत गेली. मग वळली. चेहरा एकदम गंभीर.

"पन मॅडम," ती म्हणाली, "मधातच वापस मांगाले नका येजा."

"नाई येत," चारुता मॅडम म्हणाल्या, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी खाली घातलेली मान वर केली नाही.